काशाची वाटी: झोपेसाठी कशी वापरावी?

झोपेसाठी पादाभ्यंग, म्हणजे तळपायांना तेल-तूप चोळणे, करायचे तर काशाचीच वाटी घ्या. कासे म्हणजे साधारण 78 टक्के तांबे आणि 22 टक्के कथील. बाजारात पितळेची वाटीही काशाची म्हणून खपवतात. टिचकी मारल्यावर नाद लांबत गेला तर कासे, लगेच विरला तर शंका घ्या. कासे ठिसूळ असते, फरशीवर पडले की तडकते.

झोपण्याआधी अर्धा तास, प्रत्येक तळव्याला अर्धा चमचा गाईचे तूप किंवा खोबरेल लावून वाटीच्या बुडाने दहा मिनिटे हलक्या दाबाने गोल घासा. तूप कमी पडले की वाटी अडखळते आणि कातडी ओढली जाते. तळवे काळे होतात ते ‘उष्णता बाहेर पडल्यामुळे’ नव्हे (विक्रेते काहीही म्हणोत!), तर तेलातुपाची धातूशी क्रिया होऊन. नंतर कोमट ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर चादर खराब होते आणि पाय घसरतो.

तळवे घासणाऱ्या यंत्रापेक्षा हातातली वाटी बरी, दाब आपल्या ताब्यात राहतो. मधुमेहात पाय बधिर असतील किंवा जखम असेल तर टाळा. घोरताना श्वास अडकत असेल तर वाटी बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.