वाद्यवृंदाची सॅम्पल लायब्ररी आणि स्टाफ नोटेशन: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ठाण्यातील चौदा हौशी वादकांच्या वाद्यवृंदासाठी मी यमन, देस अशा रागांवर आधारलेल्या रचना स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेषांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, लिहितो. लेखन डोरिको या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. लिहिलेले ऐकण्यासाठी गेल्या नऊ महिन्यांत मी तीन पर्याय वापरले: बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा या सॅम्पल लायब्ररीची (खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित स्वरांच्या संचाची) विनामूल्य ‘डिस्कव्हर’ आवृत्ती, लिहिलेले नोटेशन वाजवून दाखवणारे नोटपरफॉर्मर हे सॉफ्टवेअर आणि बचत खर्चून घेतलेली वाद्यवृंदाची एक मोठी लायब्ररी.

मोठ्या लायब्ररीचा एकेक स्वर ऐकताना मन भरून येते. तरीही पहिले सहा आठवडे मी संगीत लिहिण्याऐवजी एक्स्प्रेशन मॅप, म्हणजे कागदावरची कोणती खूण लायब्ररीत कशी वाजावी हे सांगणारी यादी, जुळवण्यात घालवले. लांब स्वरांचा जोर मॉड-व्हीलवर (कीबोर्डवरच्या फिरत्या चाकावर) आणि तुटक स्वरांचा जोर व्हेलॉसिटीवर (पट्टी किती जोरात दाबली यावर) अवलंबून असल्यामुळे, कागदावरच्या एकाच ‘फोर्टे’ (जोरात) खुणेचा अर्थ दोन ठिकाणी वेगवेगळा सांगावा लागतो. त्यातच लेगाटोच्या, म्हणजे एकमेकांना जोडून वाजवलेल्या स्वरांच्या, नमुन्यांत गज तारेवर टेकून स्वर पूर्ण उमटेपर्यंतचा क्षणही ध्वनिमुद्रित असतो, म्हणून द्रुत लयीत व्हायोलिन क्लॅरिनेटच्या किंचित मागे पडल्यासारखे वाटत. कीबोर्डवर वाजवणारा माणूस हे अंतर बोटांनी सांभाळून घेतो, पण नोटेशन मात्र ठोक्यावरच चालते.

२०१३ मध्ये आलेले स्वीडनच्या वॉलेंडर इन्स्ट्रुमेंट्सचे नोटपरफॉर्मर नेमकी हीच अडचण ओळखून घडवलेले आहे. ते सुमारे एक सेकंद पुढचे स्वर आधी वाचते, त्यामुळे स्वरवाक्य कुठे वळणार आणि कुठे थांबणार हे त्याला वाजवण्यापूर्वीच ठाऊक असते. नाद मोठ्या लायब्ररीइतका भरदार नाही, पण खुणा लिहिल्या की त्या जवळजवळ तशाच ऐकू येतात, आणि रचनाकाराला रात्री अकरा वाजता याहून अधिक काही नको असते. २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून हाच मेंदू इतर कंपन्यांच्या काही लायब्रऱ्याही चालवू शकतो.

माझे मत खऱ्या अर्थाने बदलले ते नौपाड्यातील तालमीत. देसमधल्या एका रचनेत फ्लूटला मिडल सीच्या आसपासची, अगदी खालची ओळ दिली होती आणि तिच्याखाली आठही व्हायोलिनचे लांब स्वर होते. मोठ्या लायब्ररीत ती ओळ स्वच्छ ऐकू आली होती. तालमीत ती पूर्ण बुडाली. त्या लायब्ररीतील फ्लूटचा आवाज मी मिक्सरवर स्वतः वाढवला होता आणि नंतर ते विसरलो होतो. त्या पट्टीत फ्लूट मुळातच मंद असतो, हे पुस्तकात वाचलेले मला त्या दिवशी कानांनी कळले. डिस्कव्हरबद्दल माझा आदर त्यानंतर वाढला. त्यातील वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत, वादक आपापल्या नेहमीच्या जागी बसलेले असताना झाले आहे. जवळच्या-दूरच्या वाद्यांचे नाते त्यात बऱ्यापैकी टिकते, तेही सुमारे २०० एमबीत. मिक्सरला हात लावायचा नाही, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते.

आणखी एक गोष्ट कोणतीच लायब्ररी सांगत नाही. पिझिकाटोवरून (बोटाने तार छेडण्यावरून) गजाकडे यायला वादकाला अवधी लागतो, आणि क्लॅरिनेटवाल्याला श्वास घ्यावा लागतो. संगणकाला दोन्हींची गरज नसल्यामुळे, प्रत्येक वादकासाठी काढलेल्या माझ्या सुरुवातीच्या सुट्या पानांत श्वासाच्या खुणाच नव्हत्या.

यमनमधल्या नि-रे-ग या मींडेबाबत माझी निराशा अजून कायम आहे. ग्लिसांडोची (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची) रेघ ओढली तर मला अर्ध्या स्वरांच्या पायऱ्या ऐकू आल्या, आणि पिच-बेंडने केलेली घसरण कृत्रिम वाटली. म्हणून त्या जागा प्लेबॅकमध्ये मी साध्याच ठेवतो. सराव फाइल पाठवताना त्या मापांचे क्रमांक लिहून देतो आणि मींड स्वतः गाऊन फोनवर ध्वनिमुद्रित करून सोबत जोडतो. आमचे व्हायोलिनवादक ती ऐकूनच बसवतात.