हात सोडवायला शिकले, पण झटका मारून नाही (सेल्फ डिफेन्स वर्कशॉपचा रिव्ह्यू)

सहा सेशन पूर्ण झाले म्हणून लिहितेय. वर्कशॉपचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण पुढे थोडी नावंही ठेवणार आहे. विषय एकच होता, कोणी पकडलं तर सुटायचं कसं. मारामारी शिकवत नाही हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, सुटायचं आणि पळायचं, बस.

पहिला अर्धा तास नुसता इतिहास झाला आणि मी घड्याळ बघत होते, पण त्यात एक गोष्ट भारी निघाली. १९१३ च्या सुमारास ब्रिटनमध्ये मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायकांना जुजुत्सू (जपानी झुंजीचा प्रकार) शिकवणारी एडिथ गॅरड म्हणून एक बाई होती, उंची पाच फुटांपेक्षाही कमी, आणि तिच्याकडे शिकलेल्या बायका पोलिसांना तोंड द्यायच्या. माझी उंचीही जेमतेमच, त्यामुळे तिथे मी जरा सावरून बसले.

मग मनगट. आपण सगळे काय करतो तर हात मागे खेचतो, आणि समोरचा ताकदवान असेल तर तो आपल्यालाच खेचून घेतो, विषय संपला. सरांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले की नुसतं बघ, चार बोटं एका बाजूला आहेत, अंगठा एकटा दुसऱ्या बाजूला, आणि बोटांची टोकं नि अंगठा जिथे भेटतात तिथे फट आहे. मनगटाची चपटी बाजू नाही, कडेची बारीक बाजू त्या फटीकडे फिरवायची, आणि हात ओढायचा नाही तर कोपर वाकवून त्याच्याच हाताकडे न्यायचं, सोबत एक पाऊल पुढे. पुढे, हं! मागे नाही. हे पाऊल मला तीन सेशन जमत नव्हतं कारण पकडणाऱ्याच्या जवळ जायला शरीर तयारच होत नाही. जमलं तेव्हा ताकद जवळजवळ लागलीच नाही, मीच दचकले. त्याने दोन्ही हातांनी एक मनगट धरलं असेल तर आपल्या मुठीला दुसऱ्या हाताने धरायचं आणि सगळं अंग वापरून वर काढायचं.

आता मला हा क्लास आवडला त्याचं खरं कारण. आधी एका ठिकाणी गेले होते, तिथे पार्टनर आपण हात फिरवायच्या आधीच सोडून द्यायचा, टाळ्या वाजायच्या आणि मी घरी खूश. इथे दुसऱ्या सेशनपासून नियम होता की पकडणाऱ्याने खरं पकडायचं, सुटलं नाही तर सुटलं नाही. माझा पार्टनर माझ्या दीडपट, पहिले पाच प्रयत्न मी नुसती त्याच्या हाताला लटकले होते. वर त्याचे तळवे घामाने ओले झाले की पकड आपोआप निसटायची आणि मला वाटायचं मी हुशार झाले, सर म्हणाले फुल बाहीचा टीशर्ट घाला, मग कळेल. कळलं!

मागून मिठीत आवळलं तर काय, हे सगळ्यात उपयोगी वाटलं. उचलायच्या आत लगेच पाय फाकवून खाली बसल्यासारखं व्हायचं, वजन जड होतं, मग कंबर एका बाजूला सरकवून जागा करायची आणि हाताने त्याच्या जांघेत मारायचं किंवा टाचेने पायावर दाणकन. बोटं सोडवायची तर सगळी मूठ उघडायला जायचं नाही, एकच बोट धरून उलटं वाकवायचं. केस धरले तर त्याचा हात दोन्ही हातांनी आपल्याच डोक्यावर दाबून ठेवायचा, मुळं ओढली जात नाहीत, कळ कमी होते आणि डोकं चालायला लागतं. गळा समोरून धरला तर हनुवटी खाली, खांदे वर, आणि दोन्ही हात आकड्यासारखे करून त्याचे अंगठे उपटायचे, त्याच वेळी गुडघा. यात वेळ अजिबात नाही, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर माणूस साधारण दहा सेकंदांत बेशुद्ध होऊ शकतो, त्यामुळे विचार करत बसणं परवडत नाही.

ओरडण्याचा सराव मला सर्वात जड गेला, खोटं नाही सांगत. हात चालतो, पण आवाज घशातच अडकतो. चौथ्या दिवशी निघाला तो इतका भयंकर की बाजूचा ग्रुप थांबून बघायला लागला.

आता नावं. शेवटच्या दिवशी चाकू काढून घ्यायचं दाखवलं, पाऊण तासात! ते नसतं तर बरं झालं असतं, लोक ते खरं मानून घेतात. सरांनी स्वतःच म्हटलं की चाकू दिसला तर वस्तू द्या नि पळा, मग दाखवलं कशाला? गर्दीही जास्त होती, अठरा जणांना दोन शिकवणारे, त्यामुळे मागच्या रांगेतल्यांना चूक सांगायला कोणी नव्हतं. चटया पातळ होत्या, माझा गुडघा अजून बोलतोय. आणि घरी सरावाला काही दिलं नाही, दोन आठवडे सुट्टी पडली तर मी परत हात मागेच खेचला.

तरी पाचपैकी चार. जाणार असाल तर अंगठ्या काढून ठेवा आणि नखं कापून जा, माझ्या पार्टनरच्या हातावर अजून माझा ओरखडा आहे, तो बिचारा काही बोलला नाही.