पाइनफोनचा आवाज गेला की: पल्सऑडिओवर राहावं की पाइपवायरवर जावं?

पाइनफोन हा लिनक्सवर चालणारा फोन. पल्सऑडिओ आणि पाइपवायर हे त्यातले साउंड सर्व्हर, म्हणजे ॲप्सचा आवाज स्पीकरपर्यंत पोचवणारे प्रोग्राम. आधी एक खात्री करून घ्या. मागचं झाकण काढल्यावर सहा बारीक स्विचांची रांग दिसते. त्यातला तिसरा माइकचा, सहावा हेडफोनचा. सहावा बंद असेल तर हेडफोनचा जॅक सीरियल पोर्ट बनतो, मग त्यातून आवाज यायचा प्रश्नच नाही. उगाच सॉफ्टवेअरला बोल लावू नका. स्विच ठीक असूनही आवाज अधूनमधून जात असेल, तर पुढचं तुमच्यासाठी. फोनवर मोबियन, म्हणजे डेबियन लिनक्सची फोनसाठीची आवृत्ती, आहे असं मी गृहीत धरतोय.

कॉलच्या बाबतीत दोघांत फारसं डावं-उजवं नाही. मोडेममधला आवाज थेट फोनच्या ए64 चिपमधल्या कोडेकमध्ये (आवाज हाताळणाऱ्या भागात) जातो, साउंड सर्व्हरमधून जातच नाही. सर्व्हर फक्त रस्ता ठरवतो: एरवी 'हायफाय' प्रोफाइल (आवाजाच्या रस्त्याची ठरलेली मांडणी), बोलताना 'व्हॉइस कॉल'. हा बदल कॉलऑडिओडी नावाचा पडद्यामागचा प्रोग्राम घडवून आणतो. नेहमीची बोंब म्हणजे कॉल संपतो, पण प्रोफाइल कॉलवरच अडकून राहतं आणि मग गाणी इअरपीसमध्ये कुजबुजतात. त्यासाठी फोन रीस्टार्ट करायची गरज नाही. टर्मिनलमध्ये कॉलऑडिओसीएलआय ही आज्ञा 'उणे एम 0' (-m 0) देऊन चालवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. कॉल चालू असताना सर्व्हर रीस्टार्ट केलात तर प्रोफाइल हायफायवर परत येऊ शकतं. मग कॉल चालू दिसतो, पण दोन्हीकडे शुकशुकाट. तेव्हा 'उणे एम 1'. कॉलऑडिओडी पल्सच्या भाषेत बोलतो आणि पाइपवायरच्या पाइपवायर-पल्स या भागाला ती भाषा येते, त्यामुळे हा उपाय दोन्हीकडे सारखाच. लिब्रेम 5 या दुसऱ्या लिनक्स फोनवाल्यांचं गणित वेगळं. तिथे मोडेम हे स्वतंत्र साउंड कार्ड आहे आणि कॉलचा आवाज सर्व्हरमधूनच फिरतो.

पल्सऑडिओ जुनं, मुरलेलं. त्याच्या दुखण्यांवरचे उपाय ठरलेले आहेत. पाच सेकंद काही वाजलं नाही की सस्पेंड-ऑन-आयडल मॉड्यूल साउंड कार्डाला झोपवतं आणि पुढच्या नोटिफिकेशनचा पहिला तुकडा गिळला जातो. पॅक्टीएल या पल्सच्या आज्ञेने ते मॉड्यूल अनलोड केलं की हा त्रास थांबतो, बॅटरी मात्र थोडी जास्त जाते. आवाज करकरत असेल तर डिफॉल्ट.पीए या पल्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये युदेव-डिटेक्टच्या ओळीला 'टीशेड=0' जोडा. ही फाइल स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवलीत तर सिस्टिमची मूळ फाइल वाचलीच जात नाही. म्हणून अख्खी कॉपी करूनच बदल करा.

माझ्यासाठी निकाल लागला तो रीस्टार्टवर. पल्समध्ये कार्ड सांभाळणं, आवाज मिसळणं आणि कोणता आवाज कुठे जायचा हे ठरवणं, सगळं एकाच प्रोसेसमध्ये. ती रीस्टार्ट केली की जोडलेलं प्रत्येक ॲप तुटतं. काही ॲप्स आपणहून परत जोडून घेतात, काही मुकी होऊन बसतात आणि ती बंद करून उघडावी लागतात. दिवसातून दोनदा हे करायचं म्हणजे डोक्याला ताप. पाइपवायरमध्ये इंजिन वेगळं आणि रस्ता ठरवणारं वायरप्लंबर वेगळं. आवाज गेला की युजर सेवांमधलं फक्त वायरप्लंबर रीस्टार्ट करायचं. ॲप्स इंजिनाला जोडलेलीच राहतात, कार्ड नव्याने उभं राहतं आणि थांबलेलं गाणं बहुधा तिथूनच पुढे वाजतं. इंजिनच अडकलं असेल तर मात्र पाइपवायर आणि पाइपवायर-पल्सही रीस्टार्ट करावं लागतं, आणि मग तो फायदा उरत नाही.

पाइपवायरचीही खोड आहे. क्वांटम, म्हणजे एका खेपेला हाताळले जाणारे आवाजाचे नमुने, 1024 असेल तर 48 किलोहर्ट्‌झला जेमतेम 21 मिलिसेकंदांचा बफर मिळतो. ए64 वर ब्राउझर दोन-तीन टॅब घेऊन बसला की तेवढा कधीकधी पुरत नाही आणि आवाज तुटतो. पाइपवायरची हालचाल दाखवणाऱ्या पीडब्ल्यू-टॉपमधला एररचा रकाना वाढत असेल तर कारण हेच. पीडब्ल्यू-मेटाडेटा या आज्ञेने फोर्स-क्वांटम 2048 करून बघा. फरक पडला तर मिन-क्वांटम कॉन्फिगमध्ये कायमचं वाढवा. दुसरा फटका अपडेटनंतर बसतो: वायरप्लंबर 0.5 पासून जुन्या लुआ कॉन्फिग फाइली वाचल्या जात नाहीत. डेबियन 12 वरून 13 वर गेलात आणि कार्ड पुन्हा झोपायला लागलं, तर झोप टाळणारी तुमची जुनी सेटिंग नव्या स्वरूपात लिहा. सस्पेंड-टाइमआउट-सेकंद्‌स शून्य केलं की झालं.

फोन मुख्यतः कॉलसाठीच वापरत असाल आणि पल्स नीट चालत असेल, तर मुद्दाम बदलावं असं मी म्हणणार नाही. गाणी, पॉडकास्ट, व्हिडिओ असा वापर असेल तर पाइपवायरकडे वळणं बरं. डेबियनचं पाइपवायर-ऑडिओ पॅकेज टाका. पल्सऑडिओ शिल्लक राहिलं असेल तर त्याची सेवा आणि सॉकेट (ॲप्स जिथून जोडून घेतात ते दार) दोन्ही डिसेबल करा. नुसती सेवा बंद केली तर सॉकेट तिला पुन्हा उठवतं आणि दोघं एकाच जागेसाठी भांडतात. मग पॅक्टीएल इन्फोमध्ये सर्व्हरच्या नावापुढे 'ऑन पाइपवायर' दिसतंय का बघा. वायरप्लंबर रीस्टार्टची आज्ञा एका डेस्कटॉप फाइलमध्ये घालून ठेवलीत तर फॉश या फोन-इंटरफेसच्या ॲप-यादीत तिचा आयकॉन येतो, दर वेळी टर्मिनल उघडायला नको.