न्यू ऑर्डरचं 'सबस्टन्स': काही महिने ऐकल्यानंतर

'सबस्टन्स'ला ग्रेटेस्ट हिट्स म्हटलं की अर्धी गोष्ट सांगायचीच राहते. असे संग्रह एरवी जुन्या अल्बममधली गाजलेली गाणी वेचून काढतात. न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडची पंचाईत अशी, की त्यांची गाजलेली बरीच गाणी मुळात अल्बममध्ये नव्हतीच. 'ब्लू मंडे' मार्च १९८३ मध्ये आलं. 'पॉवर, करप्शन अँड लाइज' हा अल्बम दोनच महिन्यांनी आला, आणि त्याच्या ब्रिटिश आवृत्तीत 'ब्लू मंडे' नाही! मॅनेजर रॉब ग्रेटन आणि मँचेस्टरची रेकॉर्ड कंपनी फॅक्टरी रेकॉर्ड्स यांचा खाक्याच तसा होता. ज्याने सिंगल, म्हणजे त्या गाण्याची सुटी रेकॉर्ड, घेतलंय त्याला तेच गाणं अल्बमच्या पैशांत पुन्हा विकायचं नाही. धोरण चाहत्याच्या भल्याचं, पण त्यामुळे बँडचं सहा-सात वर्षांचं सर्वांत जिवंत काम बारा इंची रेकॉर्डवर विखुरलेलं राहिलं. ते एका जागी आलं ऑगस्ट १९८७ मध्ये. कारणही थोर: फॅक्टरीचे टोनी विल्सन यांच्या नव्या जॅग्वारमध्ये सीडी प्लेअर होता आणि त्यावर त्यांना ही सिंगल्स ऐकायची होती.

मी घेतली ती २०२३ च्या नोव्हेंबरात आलेली चार सीडींची आवृत्ती. बाहेरून मागवली, त्यामुळे कस्टम ड्यूटी आणि कुरिअरचा खर्च मिळून आकडा असा झाला की घरात सांगताना थोडा कमी करून सांगितला. वर पार्सल एका कोपऱ्यात चेपलेलं. सीड्या शाबूत होत्या म्हणून भांडत बसलो नाही. पीटर सॅव्हिलचं मुखपृष्ठ तेच, पांढरं, शांत, चेहरे नाहीत, रंगांची आतषबाजी नाही. ज्या माणसाने 'ब्लू मंडे'चं कव्हर फ्लॉपी डिस्कसारखं कापून घेतलं (ते इतकं महाग पडलं की जितका खप तितका तोटा, असं सगळेच सांगतात), त्याने या संग्रहाला एवढं साधं ठेवावं हे मला आवडतं.

पहिल्या सीडीवर बारा सिंगल्स काळाच्या क्रमाने आहेत, आणि या क्रमातच सगळी जादू आहे. सुरुवात 'सेरेमनी'ने. हे खरं तर जॉय डिव्हिजनचं, म्हणजे याच मंडळींच्या आधीच्या बँडचं गाणं. १८ मे १९८० ला त्या बँडचा गायक इयन कर्टिसने आत्महत्या केली तेव्हा बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर निघणार होता. मागे उरलेल्या तिघांकडे हे गाणं होतं, पण शब्द नीट लिहिलेले नव्हते. सरावाच्या टेपवर कर्टिसचा आवाज वाद्यांखाली गाडला गेलेला, तो इक्वलायझरमधून काढून ओळी ऐकाव्या लागल्या. गायचं कोणी हेही ठरलेलं नव्हतं. शेवटी गिटारवाला बर्नार्ड समनर गायला लागला. आवाज पातळ, वरच्या सुरात धाप लागते. आज वाटतं, मुरलेला गायक असता तर हे गाणं इतकं लागलं नसतं.

तिथून तुम्ही सलग ऐकत गेलात की एक बँड शोकातून नाचापर्यंत कसा गेला ते कानांनी कळतं. दुसरंच गाणं 'एव्हरीथिंग्ज गॉन ग्रीन'. त्यात सिंथेसायझरचे ठोके गिटारच्या बरोबरीने धावू लागतात. चौथ्या नंबरला 'ब्लू मंडे', साडेसात मिनिटं, ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेलं बारा इंची सिंगल. ते ड्रम मशीनचे ठोके बायकोलासुद्धा पाठ झालेत, तिला बँडचं नाव आजही आठवत नसलं तरी. यातली एक गोष्ट मला फार प्रिय आहे. बँडची कीबोर्डवादक गिलियन गिल्बर्टने सिक्वेन्सरमध्ये (भरलेले सूर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रात) भरायचे सूर विणकामाच्या नमुन्यासारखे कागदावर लिहून काढले होते आणि भरताना एक सूर राहून गेला. म्हणून धून तालापासून किंचित सरकलेली आहे. एकदा कळलं की दर वेळी ऐकू येतं. चांगल्या हेडफोनवर तर नक्कीच.

आणि पीटर हुकचा बेस. इतर बँडमध्ये बेस खाली घुमतो, इथे तो वर येऊन गातो. कारण साधं. सुरुवातीच्या दिवसांत हुकचा अँप्लिफायर यथातथा आणि समनरची गिटार कर्कश, त्यामुळे स्वतःचं वाजवणं स्वतःला ऐकू यावं म्हणून त्याने वरच्या तारा धरल्या. 'थीव्ज लाइक अस' ऐका, धून नक्की कोण सांभाळतंय ते कळेल. २००७ मध्ये हुक बँडमधून बाहेर पडला आणि पुढे प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेलं. आता तो स्वतःच्या बँडबरोबर याच संग्रहातली गाणी वाजवत फिरतो. आमच्या कंपूत यावरून दोन तट आहेत. मी हुकच्या बाजूचा, आधीच सांगितलेलं बरं.

आता भांडणं. ज्यांच्याकडे मूळ बारा इंची रेकॉर्ड्स होत्या किंवा ज्यांनी त्या नंतर ऐकल्या, त्यांचा 'सबस्टन्स'वर राग आहे, आणि तो रास्त आहे. 'टेम्प्टेशन' आणि 'कन्फ्युजन' ही दोन गाणी १९८७ मध्ये नव्याने ध्वनिमुद्रित करून इथे घातली. १९८२ चं मूळ 'टेम्प्टेशन' पावणेनऊ मिनिटांचं, कडा न घासलेलं, मध्येच एक किंकाळी असलेलं. इथलं सात मिनिटांत आटोपतं, स्वच्छ, नेटकं, आणि ती किंकाळी गायब. आमच्यातला एक ज्येष्ठ मित्र म्हणतो, "अरे, लग्नाचा फोटो दहा वर्षांनी परत काढलाय, दोघं आहेत, पण लग्न कुठंय?" दुसरी एक मैत्रीण वयाने बरीच लहान, ती या गाण्यांपाशी मोबाइलवरून आली. तिला १९८७ चंच 'टेम्प्टेशन' खरं वाटतं, मूळ ऐकवलं तर म्हणाली, डेमो आहे का हा? महिनोन् महिने दोन्ही आलटून पालटून ऐकल्यावर माझा कौल मूळ गाण्याला. पण गाडीत लावताना हात नव्याकडे जातो, हेही खरं. त्यातला ताल अधिक घट्ट आहे.

'कन्फ्युजन'चं मात्र नवं रूप मला अजिबात पटलेलं नाही. मूळ गाणं न्यूयॉर्कमध्ये निर्माता आर्थर बेकरबरोबर केलेलं, आठ मिनिटांवर चालणारं, रस्त्यावरच्या नाचाचं. इथे ते पावणेपाच मिनिटांत गुंडाळलंय. मी आता ते सरळ पुढे ढकलतो.

दुसरी तक्रार कात्रीची. तेव्हाच्या सीडीत साधारण ७४ मिनिटं मावत. बारा लांबलचक गाणी त्यात बसवायची म्हणून काहींचं अंग छाटलं. 'शेलशॉक' पावणेदहा मिनिटांवरून साडेसहावर आलं, 'सबकल्चर' साडेसातवरून पाचच्या आत. 'सबकल्चर'बद्दल मी रडणार नाही. जॉन रोबीच्या त्या रिमिक्समध्ये मागे बायकांचा कोरस इतका कोंबलाय की कमी झालं तेवढं पथ्यावरच पडलं. 'द परफेक्ट किस'चं दुःख वेगळं. बेडकांचे आवाज, घंटेसारखी काउबेल, आणि त्यावर एकेक वाद्य चढत जाणारा शेवट. त्या शेवटाचे पाऊण मिनिट इथे नाही. ज्याने मूळ ऐकलेलं नाही त्याला जाणवणार नाही. ज्याने ऐकलंय त्याला गाणं संपल्यावर जिन्याची शेवटची पायरी नसल्यासारखं वाटतं.

मग हा संग्रह घ्यायचा कशाला? दुसऱ्या सीडीसाठी. पहिले काही आठवडे मी ती जवळजवळ लावलीच नाही. तिच्यावर बी-साइड्स, म्हणजे सिंगलच्या मागच्या बाजूची गाणी, आणि ती म्हणजे उरलंसुरलं, असा एरवीचा अनुभव. पण रात्री उशिरा काम करताना पहिली सीडी जास्तच धडधडायची म्हणून दुसरी लावायला लागलो आणि गेले काही महिने तीच जास्त वाजतेय. 'इन अ लोनली प्लेस' हे 'सेरेमनी'चं जोडगाणं, तेही कर्टिसच्या शेवटच्या दिवसांतलं. इतकं संथ आणि जड, की घरात कोणी उदास असेल तर लावू नये. 'प्रोसेशन' तर मूळचं स्वतंत्र सिंगल, 'एव्हरीथिंग्ज गॉन ग्रीन' तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला होतं. इथे क्रम उलटला आहे, आणि माझ्या मते 'प्रोसेशन'वर अन्याय झालाय. 'लोनसम टुनाइट' हे तर या बँडच्या उत्तम पाच गाण्यांत बसावं. शेवटच्या '१९६३'ला २०२३ मध्येही काही जोड नाही. ते 'ट्रू फेथ'च्या मागच्या बाजूला टाकलं गेलं आणि स्वतंत्र सिंगल म्हणून यायला १९९५ उजाडलं. ज्या बँडला असं गाणं बी-साइडला परवडतं त्याच्या तेव्हाच्या श्रीमंतीचा अंदाज येतो. गाण्यांची श्रीमंती म्हणतोय. पैशांच्या बाबतीत यांची कमाई हसिएंडा नावाच्या क्लबात जिरत होती आणि फॅक्टरी कंपनी १९९२ मध्ये बुडालीच.

दुसऱ्या सीडीवर भरतीही आहे. 'थीव्ज लाइक अस'चं वाद्यरूप, 'द किस ऑफ डेथ', 'कन्फ्युज्ड इन्स्ट्रुमेंटल' ही ओळखीच्याच गाण्यांची गायनाशिवायची किंवा मोडतोड केलेली रूपं. एकदा ऐकावीत. 'मेश' आणि 'क्राइज अँड व्हिस्पर्स' या दोन गाण्यांच्या नावांची तर वर्षानुवर्षं अशी अदलाबदल झालीय की कुठलं कुठलं यावर जाणकारांतही हमरीतुमरी होते. त्यात न पडलेलं बरं.

'ट्रू फेथ'वर मतभेद कमी. हे गाणं या संग्रहासाठीच नव्याने केलं, निर्माता स्टीफन हेग, ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि अमेरिकेत बँडला पहिल्यांदा टॉप ४० मध्ये घेऊन गेलं. फिलीप दकूफ्लेने केलेला व्हिडिओ, ते फुगीर कपडे घालून एकमेकांना थोबाडीत मारणारे नर्तक, पाहिला नसेल तर जरूर पाहा. एरवी ग्रेटेस्ट हिट्समध्ये घातलेलं 'नवीन गाणं' हे ग्राहकाला लावलेलं आमिष असतं. इथे तेच अख्ख्या संग्रहातलं सर्वांत गाजलेल्यांपैकी एक निघालं.

रिमास्टरबद्दल: ड्रम मशीन आणि बेस आता वेगवेगळे ऐकू येतात, जुन्या सीडीवर ते एकमेकांत मिसळायचे. 'बिझार लव्ह ट्रँगल'मध्ये हा फरक लगेच कळतो. 'सेरेमनी'ला मात्र एवढा उजेड नको होता. मी ऐकतो ते एका जुन्या मराठमोळ्या जुगाडावर, म्हणजे मित्राने विकायला काढलेला अँप आणि वडिलांच्या काळचे स्पीकर, आणि माझ्या गाडीत अजून सीडी प्लेअर आहे. द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या बोगद्यांत 'शेलशॉक' फार चांगलं लागतं. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काहीही लावू नका, बेस गेला की न्यू ऑर्डर गेली.

तिसरी सीडी डब आणि इतर रूपांची. कट्टर चाहत्यांनीच त्या वाटेला जावं. चौथ्या सीडीवर कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन मेडोजचा १२ सप्टेंबर १९८७ चा कार्यक्रम आहे, ज्यात बँडने 'सबस्टन्स'ची गाणी क्रमाने वाजवली. बँड मंचावर सुसूत्र कधीच नव्हता, इथेही नाही. समनरचा सूर हलतो, यंत्रं मध्येच आपापला विचार करतात. पण ध्वनिमुद्रणात जे घासूनपुसून काढलं तेच इथे परत येतं. १९८७ चं 'टेम्प्टेशन' ज्यांना बेगडी वाटतं त्यांनी हे ऐकावं, राग थोडा निवळेल.

नंतर या बँडचे संग्रह ढिगाने आले. १९९४ चा 'बेस्ट ऑफ' पुन्हा गाण्यांना नवे मुलामे देतो, माझ्या डोक्यात जातो. २००५ चा 'सिंगल्स' रेडिओच्या लांबीची गाणी देतो, नवख्याला सोयीचा. २०११ चा 'टोटल' जॉय डिव्हिजनपासून सुरू होतो, पण एका सीडीत दोन बँड बसवताना दोघांचंही नुकसान करतो. माझ्या कंपूत या तिघांचं कौतुक करणारा एकही सापडलेला नाही, आणि 'सबस्टन्स'ला शिव्या घालणाऱ्या प्रत्येकाच्या घरी 'सबस्टन्स' आहे.

पहिल्यांदाच ऐकणार असाल तर चार सीडींच्या मागे लागू नका, दोन सीडींत तुमचं काम भागतं. बारा गाण्यांची रेकॉर्ड घेताना मात्र लक्षात ठेवा, तिच्यावर बी-साइड्स नाहीत, म्हणजे माझ्या मते निम्मा खजिनाच नाही. ज्यांना १९८२ चं 'टेम्प्टेशन' आणि न छाटलेलं 'हर्ट' हवंय त्यांनी 'फॅक्टस ८' नावाचं पाच गाण्यांचं छोटं रेकॉर्ड शोधावं. मला जुनी प्रत मिळाली, जरा खरखरते.