उन्हाळ्यासाठी एक जाड कादंबरी की तीन कथासंग्रह?

पंधरावीस दिवस मोकळे आहेत, दुपारी लांबलचक आहेत आणि कुठे पोचायची घाई नाही. अशा वेळी उशाशी सातआठशे पानांची एकच कादंबरी ठेवावी, की दोनतीन कथासंग्रह? मी दोन्ही करून पाहिलं आहे. एक उन्हाळा नुसत्या कथा, पुढचा उन्हाळा नुसती एक कादंबरी. त्याला प्रयोग म्हणायचं धाडस मी करणार नाही. मधल्या वर्षभरात माझा चष्म्याचा नंबरही बदलला होता.

कागदावर कथांची बाजू भक्कम आहे, हे आधीच मान्य करतो. अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो यानं १८४२ मध्येच लिहून ठेवलं होतं, की कथा अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत, एका बैठकीत संपावी. कादंबरी एका बैठकीत संपत नाही, मधे वाचकाला उठावं लागतं, बाहेरचं जग घुसतं आणि परिणाम विरतो. उन्हाळ्यातल्या दुपारीही साधारण तासादोन तासांच्याच असतात, मग झोप लागते. म्हणजे रोज दुपारी एक कथा, डोळे मिटायच्या आत शेवट. हिशेब चोख होता, म्हणून मी तीन संग्रह घेऊन बसलो. त्यात जी. ए. कुलकर्णींचा ‘काजळमाया’ही होता.

पहिले चार दिवस मजेत गेले. मग ती गोष्ट लक्षात आली, जिच्यामुळे माझ्यापुरता हा निकाल लागला.

कथा संपते आणि आपण पुस्तकाच्या बाहेर फेकले जातो. दर पंचवीस-तीस पानांनी. कथा चांगली असली तर लगेच पुढची सुरू करवत नाही. डोक्यात अजून आधीचीच माणसं बसलेली असतात आणि नव्यांना जागा करून द्यायची इच्छा नसते. कथा बेताची असली तर पुढच्या कथेवरचा विश्वासच उडालेला असतो. दोन्हीकडून परिणाम एकच, पुस्तक पोटावर पालथं आणि हात फोनकडे. फोन हातात आला की ती दुपार संपली. समजा धीर करून पुढची कथा उघडली, तरी पहिली दोन पानं पुन्हा तीच चाचपड. हा कोण, ती त्याची कोण लागते, आता सकाळ आहे की रात्र? एका संग्रहात हे दहाबारा वेळा करायचं. जी. एं.च्या कथेनंतर तर मी दुसऱ्या दिवशीसुद्धा पुढच्या कथेला हात लावू शकलो नाही. यात त्यांचा दोष नाही, उलट तेच त्यांचं सामर्थ्य आहे. पण मला पंधरा दिवस वाचत राहायचं होतं आणि मी दिवसाआड वाचत होतो.

तेव्हा पोचं म्हणणं मला उलटं दिसायला लागलं. एरवीच्या धकाधकीत जग कादंबरीच्या मधे घुसतं, हे खरंच. निवांत दिवसांत मात्र त्याला आत यायला एकच फट असते, एक कथा संपून दुसरी सुरू होण्याच्या मधली. मेव्हिस गॅलंट ही कॅनेडियन लेखिका, जन्मभर कथा लिहिलेली. तिनं आपल्या निवडक कथांच्या १९९६ मधल्या खंडाच्या प्रस्तावनेत वाचकाला सांगितलंच आहे, की कथा एकामागून एक वाचू नका. एक वाचा, पुस्तक मिटा, दुसरं काहीतरी वाचा, मग परत या. खुद्द कथाकारच पुस्तक मिटायला सांगत असेल, तर तीन संग्रह घेऊन आडवं पडणाऱ्या माणसानं काय समजायचं?

पुढच्या उन्हाळ्यात मी टॉलस्टॉयची रशियन कादंबरी ‘वॉर अँड पीस’ घेतली. त्रास तिथेही आहे, लपवत नाही. पहिली साठसत्तर पानं एका मोठ्या मेजवानीत कुणाचीच ओळख नसताना उभं राहिल्यासारखी जातात. एकाच माणसाला कुणी पहिल्या नावानं हाक मारतं, कुणी वडिलांच्या नावासकट, कुणी आडनावानं, कुणी लाडाच्या नावानं. मी खुणेच्या कागदावरच नावं लिहून ठेवली होती. शंभराव्या पानानंतर त्या कागदाकडे पाहावं लागलं नाही. वजनाचं म्हणाल तर आडवं पडून वाचताना एकदा ती नाकावर पडली आहे. आणि शेवटी इतिहास आणि मानवी स्वातंत्र्य यांवरचा जो लांबलचक निबंध आहे तो मी चाळला, वाचला असं म्हणवत नाही.

पण पाचव्या दिवसापासून एक सुख सुरू झालं. दुपारी डोळा लागायचा, जाग आली की पुस्तक तिथेच असायचं आणि मी कुठे आहे ते मला ठाऊक असायचं. चाचपड नाही. ३६१ प्रकरणं आहेत हे ऐकून घाबरायला होतं, पण त्यातली पुष्कळशी तीनचार पानांची आहेत. थांबायच्या जागा कथासंग्रहापेक्षा कितीतरी जास्त, तरी थांबवत नाही, कारण प्रकरण संपलं तरी माणसं संपलेली नसतात. सुरुवातीचे कष्ट एकदाच. संग्रहात तेच कष्ट हप्त्याहप्त्यानं द्यावे लागतात आणि बेरीज, माझ्या अंदाजानं, जास्तच होते.

नावांचीच धास्ती असेल तर ‘मृत्युंजय’सारखी कादंबरी सोपी पडते. नऊ भाग, सहा निवेदक, म्हणजे आवाज बदलत राहतो. पण कर्ण कोण, कुंती कोण हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. मधे दोन दिवस खंड पडला तरी धागा तुटत नाही, कारण शेवट काय होणार हे पहिल्या पानाआधीच माहीत असतं. फिरून वाचायलाही बरी.

मधला रस्ता हवा असेल तर एकाच नायकाच्या कथा. शेरलॉक होम्सच्या ४ कादंबऱ्या आहेत आणि ५६ कथा. कॉनन डॉयलनं आपल्या आठवणींत या कथांमागचं गणित सांगितलं आहे. मासिकातल्या क्रमशः कादंबरीचा एखादा अंक चुकला की वाचक तुटतो, सगळ्या कथा सुट्या ठेवल्या तर त्याला ओढ राहत नाही. म्हणून कथा पूर्ण पण माणूस तोच. इथे ती फट बरीच अरुंद होते, हे खरं. मला मात्र आठदहा कथांनंतर घडण दिसायला लागते.

हे सगळं माझ्या सवयींवरून, हे लक्षात असू द्या. तुमचे मोकळे दिवस खरोखर सलग नसतील, दर अर्ध्या तासानं कुणी ना कुणी हाक मारत असेल, किंवा वाचनाची सवय सुटून वर्षं झाली असतील, तर कथाच घ्या. तिथे पोचंच म्हणणं बरोबर आहे. कादंबरी घ्यायची ठरली तर एकच सांगेन, संक्षिप्त आवृत्ती नको. कथानक तेवढंच राहतं आणि रेंगाळणं कापलेलं असतं. ज्यासाठी उन्हाळा हवा, नेमकं तेच. शिवलेल्या बांधणीची प्रत मिळाली तर उत्तम. नुसती गोंदानं चिकटवलेली जाड पुस्तकं तापल्या जागी पडली की कण्यातून सुटायला लागतात आणि तीनशेवं पान चारशेव्याच्या मागे जाऊन बसतं.

या वर्षी ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ काढून ठेवली आहे, संपूर्ण, ११७ प्रकरणांची. सोबत ‘काजळमाया’ही असेलच. तिच्यातली खूण पाचव्या कथेच्या शेवटी आहे, दोन उन्हाळ्यांपासून.