कोल्हापुरातल्या राजारामपुरीतली ही स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, रविवारच्या तासासाठी पाच स्टार

सात महिने झाले इथं बसतीय, म्हणून आता नीट लिहिते. बसायची सोय चांगलीय, प्रत्येकाला वेगळा कप्पा, चार्जिंगचा पॉइंट, लाईट गेली की इन्व्हर्टर. पाण्याचा फिल्टर मात्र उन्हाळ्यात दोनदा बंद पडला आणि वरच्या मजल्यावर दुपारी लय उकडतंय, तेवढं मालकांनी बघावं.

पण मला सांगायचंय ते रविवारच्या तासाबद्दल. महसूल खात्यातनं रिटायर झालेले एक नायब तहसीलदार सर येतात, वेगळी फी नाही. याच्या आधी मी एका मोठ्या क्लासला पैसे भरलेले, नाव लिहीत नाही, तिथं नोट्सचा गठ्ठा हातात दिला, अखिल भारतीय सेवा तीन, घटनेचं कलम 312, पाठ करा, चला पुढं. पाठ झालं पण कलेक्टर नक्की कुणाचा माणूस, दिल्लीचा का मुंबईचा, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

सरांनी पहिल्याच दिवशी एक सातबारा आणि त्याचा फेरफार टेबलावर ठेवला, म्हणाले बाळ, ह्यावर सही कुणाची ते वाच. तलाठ्यानं नोंद धरली, नोटीस काढली, हरकतीला 15 दिवस ठेवले, मग मंडळ अधिकाऱ्यानं मंजूर केली. कुणाला पटलं नाही तर अपील प्रांताकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडं. त्या एका कागदावरनं ते वर वर चढत गेले, तहसीलदार आणि उपजिल्हाधिकारी एमपीएससीतनं येतात, कलेक्टर आयएएस, म्हणजे यूपीएससीतनं नाहीतर राज्यसेवेतनं बढतीनं. नेमणूक राष्ट्रपतींची, केडर, म्हणजे ज्या राज्याला नेमून दिलं ते, महाराष्ट्राचं, बदली राज्य सरकार करतं, निलंबितही करू शकतं, पण नोकरीतनं काढायचं तर केंद्रच पाहिजे. एसपी आयपीएस, त्यांचं केडर बघतं गृहमंत्रालय, वनसेवेचं पर्यावरण मंत्रालय, आयएएसचं डीओपीटी, म्हणजे केंद्राचं कार्मिक खातं. हे सगळं आधी वाचलेलंच होतं, पण त्या दिवशी डोक्यात बसलं.

आणि पुराचा तास. मी शिरोळ तालुक्यातली, 2019 ला आमचा सगळा ऊस पाण्याखाली होता. सरांनी फळ्यावर लिहिलं, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, पाण्याची इशारा पातळी 39 फूट, धोका 43 फूट, आता सांगा कोण काय करणार. आम्ही सगळे म्हटलं कलेक्टर धरणाचं पाणी थांबवतील की. सर म्हणाले राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, धरणं जलसंपदा खात्याची, आणि अलमट्टी धरण तर कर्नाटकात, तिथं बोलायचं ते राज्य पातळीवरनं. कलेक्टर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष, 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं, म्हणजे पोलीस, जिल्हा परिषद, आरोग्य, सगळ्यांना एका कामाला लावायचं त्यांनी. पाणी उतरल्यावर पंचनामा करायला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून जातात.

तेव्हा मला आठवलं, आमच्या बांधावर गुडघाभर चिखलात तीन माणसं उभी राहून वहीत लिहीत होती, पँटी वर दुमडलेल्या, एकाच्या हातात चप्पल. आई त्यांच्यावर लय ओरडलेली, आत्ता आलाय व्हय म्हणून. ते काही बोलले नाहीत, लिहून झाल्यावर तिची सही घेतली आणि पुढच्या बांधावर गेले. ती माणसं कोण होती हे मला इतक्या वर्षांनी त्या तासाला कळलं, घरी जाऊन आईला सांगितलं तर ती कितीतरी वेळ गप्पच बसली.

सर इंग्रजी माध्यमवाल्यांना जरा कमी वेळ देतात, यूपीएससी इंग्रजीतनं देणाऱ्यांना इंग्रजी शब्द स्वतः जमवावे लागतील. मुलाखतीची तयारी इथं होत नाही, त्यासाठी दुसरीकडं बघा.

तास सकाळी साडेसातला, सातलाच या, पुढची बाकं लवकर भरतात. येताना घरचा सातबारा घेऊन या, सर तोच उघडून शिकवतात.