उन्हाळ्यापूर्वीची ‘मोफत’ नळतपासणी आणि माझे ३३,७५० रुपये

पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरातील बंगले आणि रो-हाउसमध्ये राहणाऱ्यांनी हे आधी वाचावे, कारण ही जोडगोळी अजून याच भागात फिरत असणार, याबद्दल मला शंका नाही. निळा गणवेश, गळ्यात ‘मान्यताप्राप्त’ असे छापलेले ओळखपत्र, हातात टीडीएस मीटर आणि तोंडी ‘उन्हाळ्याआधी नळजोडणीची मोफत तपासणी’, एवढ्या भांडवलावर त्यांनी या फेब्रुवारीच्या अखेरीस माझ्याकडून ३३,७५० रुपये नेले. त्याखेरीज जे सामान नेले, त्याचा हिशेब पुढे येईलच.

पाणी तपासण्याचा तो खेळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. दोन पेले मांडतात, एकात आपल्या नळाचे पाणी आणि दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतले. मग विजेवर चालणारे, धातूच्या कांड्या असलेले एक यंत्र दोन्ही पेल्यांत बुडवतात. मिनिटभरात आपले पाणी तांबूस तपकिरी होते आणि वर गाळाचा तवंग येतो, तर त्यांचे पाणी जवळपास तसेच राहते. ‘काका, बघा तुम्ही काय पिताय ते. पाइप आतून गंजलेत. उन्हाळ्यात दाब कमी झाला की हाच गंज खाली उतरतो,’ असे त्या दोघांपैकी एकाने माझ्या पत्नीच्या देखत सांगितले. खरे तर त्या कांड्या लोखंडाच्या असतात, वीज सोडली की लोखंडच झिजून पाण्यात उतरते आणि तोच गंज आपल्याला दाखवला जातो. त्यांच्या बाटलीत आरओचे पाणी असते. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीज फारशी वाहत नाही आणि रंगही येत नाही. टीडीएस मीटरसुद्धा विरघळलेले क्षार मोजतो, जंतू किंवा गंज नव्हे.

हे मला नंतर कळले, त्याचे एवढे दुःख नाही. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या घरातील सगळे लोखंडी पाइप २०१२ मध्ये काढून सीपीव्हीसीचे बसवलेले आहेत. ते काम मी स्वतः उभे राहून करून घेतले होते आणि त्याची बिले आजही माझ्या फाइलमध्ये आहेत. सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिक, त्याला गंज कुठून चढणार? एवढा एक प्रश्न त्या क्षणी तोंडातून बाहेर पडला असता तर तो माणूस पुढच्या गल्लीत निघून गेला असता. मी मात्र त्या तपकिरी पेल्याकडे बघत, ‘खर्च किती येईल?’ असे विचारले.

यावर जे हसतील त्यांनी थोडी परिस्थितीही लक्षात घ्यावी. २०२५ च्या जानेवारीत याच भागात, किरकटवाडी, नांदेड, धायरीच्या पट्ट्यात, जीबीएस (गिलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडले आणि दूषित पाण्यावर संशय गेला, तेव्हापासून इथल्या प्रत्येक घरात पाण्याची धास्ती आहे. त्या माणसाने नेमका तोच विषय काढला. शिवाय खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतला साठा आणि कालवा समितीची बैठक यांच्या बातम्या सुरू झाल्या की उन्हाळ्यापूर्वी टाकी, बॉल कॉक आणि मोटर नीट करून घ्यावी असे कोणत्याही शहाण्या गृहस्थाला वाटतेच. आमचा नेहमीचा प्लंबर लग्नसराईसाठी गावी गेलेला होता. अशा वेळी दारात आलेल्या, नम्र बोलणाऱ्या तंत्रज्ञावर विश्वास ठेवणे हा काही मूर्खपणा नव्हे.

पैसे तीन हप्त्यांत गेले. ‘बुकिंग’चे ९,५००, ‘मटेरियल’चे १७,८५० आणि ‘मजुरी व टाकी निर्जंतुकीकरण’ या नावाखाली ६,४००. तिन्ही वेळा यूपीआयवर फर्मचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. ‘साहेबांचे खाते आहे’ हे उत्तर मला तेव्हा पुरेसे वाटले. निर्जंतुकीकरण म्हणजे काय, तर गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत ब्लीचिंग पावडर ओतून झाकण लावणे. तळाचा गाळ त्यांनी काढलाच नाही. टाकी आधी रिकामी करून घासायची आणि मग औषध घालायचे, हे ज्याला माहीत नाही त्याला गच्चीवर चढूच देऊ नये.

जुने पितळी-गनमेटलचे चार व्हॉल्व्ह ‘लीक आहेत’ म्हणून त्यांनी काढले आणि त्यांच्या जागी हलके प्लास्टिकचे बसवले. भंगारात वजनावर गनमेटलला चांगला भाव मिळतो, त्यामुळे काढलेली कोणतीही वस्तू घराबाहेर जाऊ देऊ नका. अर्ध्या हॉर्सपॉवरची चालू मोटर ‘रिवाइंडिंग’साठी गेली ती गेलीच.

सर्वांत मोठे नुकसान सोलरच्या लाइनचे झाले. गच्चीवर सोलर वॉटर हीटरपासून खाली येणारा गरम पाण्याचा पाइप ‘उन्हाने तडकेल’ असे सांगून त्यांनी बदलला आणि तिथे साधा पांढरा पीव्हीसी पाइप घातला. पीव्हीसी साठ अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो आणि कडक उन्हात सोलरचे पाणी त्याहून बरेच गरम होते. म्हणून तर गरम पाण्यासाठी फिकट पिवळसर रंगाचा सीपीव्हीसी वापरतात आणि त्यावर आयएस १५७७८ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो. नव्या पाइपवर कसलीही छपाई नव्हती. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे गेला तेव्हा तो पाइप दोन क्लॅम्पच्या मध्ये झोळीसारखा लोंबकळला, जोड निखळला आणि सबंध टाकीचे पाणी जिन्यावरून खाली आले. नेहमीच्या प्लंबरने सगळे पुन्हा करून ७,२६० रुपये घेतले. मूळ टाकी आणि व्हॉल्व्हचे काम पाच-साडेपाच हजारांत झाले असते, हे त्याने न विचारता सांगितले.

तक्रार करायला निघालो तेव्हा मनस्तापाचा दुसरा अंक सुरू झाला. चौकीत सांगितले की काम झाले आहे आणि पैसे तुम्ही राजीखुशीने दिले आहेत, म्हणून हा दिवाणी वाद आहे. खोटी चाचणी दाखवून पैसे उकळणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधल्या फसवणुकीत बसते असे मी म्हटल्यावर, ‘काका, तुम्ही वकील आहात का?’ असा प्रश्न आला. लेखी अर्ज घेतला, पोच मात्र मागून मागून मिळाली. बँकेचे म्हणणे असे की पिन तुम्हीच टाकलात, त्यामुळे हा व्यवहार तुमच्याच संमतीचा. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारी घेणारे म्हणाले की माणूस प्रत्यक्ष घरी आला होता, म्हणजे ही ऑनलाइन फसवणूक नव्हे. पाणीपुरवठ्याशी संबंधित कार्यालयाने परवानाधारक प्लंबरांच्या यादीत हे नाव नसल्याचे सांगून, नाव नसल्यामुळेच कारवाई करता येत नाही, असा निष्कर्ष काढला. म्हणजे परवाना नसलेला माणूस परवानाधारकापेक्षा अधिक सुरक्षित! प्रत्येक टेबलावर माझे वय, माझा भोळेपणा आणि माझा पिन यांचीच चौकशी झाली. ज्या मोबाइल क्रमांकावर आणि खात्यावर पैसे गेले, त्यांची चौकशी करावी असे कोणालाही वाटले नाही.

पावती मी नंतर भिंग लावून पाहिली. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी होता, पण महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि पावतीवरचा २९ ने, म्हणजे कर्नाटकचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणताही क्रमांक फुकट तपासता येतो. पैसे देण्यापूर्वी हे करायला दोन मिनिटे लागतात. मी तपासले तेव्हा तो क्रमांक अस्तित्वातच नव्हता. पावतीवरच्या पत्त्यावर गेलो तर तिथे चपलांचे दुकान निघाले.

आता ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार करतो आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक माहिती मराठीतूनही मिळते. अडचण एवढीच आहे की विरुद्ध पक्षाचा खरा पत्ता लागतो. ज्यांच्याकडे अशीच निळ्या अक्षरांतली, २९ ने सुरू होणाऱ्या जीएसटी क्रमांकाची पावती असेल, त्यांनी ती फाडू नये, यूपीआय व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवावा आणि चौकीत स्वतःच्या नावाने लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. एका अर्जाला दिवाणी वाद म्हणता येते, त्याच खात्याविरुद्ध दहा अर्ज आले तर ते म्हणणे अवघड जाईल.